जिवाला घोर कशाचा? : गिरणीच्या बदली कामगारापासून ऊसतोडीच्या टोळीपर्यंत

३१ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतरित मजुरांविषयी एक आदेश दिला. टाळेबंदीला तेव्हा आठवडा झाला होता. चार तासांची सूचना देऊन देश बंद केला गेला होता आणि लाखो माणसे लेकरे-बोचकी घेऊन महामार्गाने गावाकडे चालत सुटली होती. सरकारने न्यायालयात सांगितले की आता रस्त्यावर कोणी उरलेले नाही. टाळेबंदी तीन महिन्यांहून जास्त चालणार अशी खोटी बातमी पसरली आणि त्या घबराटीतून मजूर निघाले, असे आदेशात नमूद झाले. मग उपाय सांगितला गेला : निवारा केंद्रांत प्रशिक्षित समुपदेशक आणि सर्व धर्मांचे समाजप्रमुख जावेत, त्यांनी मजुरांच्या मनातली धास्ती दूर करावी. पोलिसांनीही मजुरांची भीती समजून घेऊन वागावे, असेही त्यात होते.

या आदेशाकडे आपल्या चळवळीने पुरेसे लक्ष दिले नाही, असे आम्हाला वाटते. मजुरालाही मन असते हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. पण मान्य केले ते कोणत्या रूपात? अफवेने बिथरलेला माणूस म्हणून. पुढच्याच आठवड्यात, ७ एप्रिलला, मजुरांना मजुरी मिळावी या मागणीच्या याचिकेवर सुनावणी चालू असताना तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी विचारले की त्यांना जेवण मिळत असेल तर पैसे कशाला हवेत. म्हणजे धास्ती घालवायला समुपदेशक मंजूर, मजुरी मात्र वादाचा विषय.

आणि धास्ती खोटी होती का? एकवीस दिवसांची म्हणून सांगितलेली टाळेबंदी वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. मालकांनी पूर्ण पगार द्यावा हा केंद्राचा आदेश मे महिन्यातच मागे घेतला गेला. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशची माणसे, त्यांतले बरेच आदिवासी. ती वेडी नव्हती, अफवेची शिकार नव्हती. काम गेले की खोली जाते आणि खोली गेली की या शहरात आपण कोणीच नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आपल्या आया-आज्या या अवस्थेला ‘घोर लागणे’ म्हणतात. वस्तीत आज कोणी ‘डिप्रेशन’ म्हणत नाही. ‘टेन्शन आहे’, ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘डोकं चालत नाही’ असे म्हणतात. घोर हा शब्द अधिक नेमका आहे, कारण घोर कशाचा तरी असतो. नुसता घोर नसतो. म्हणून आम्ही या लेखात विचारतो आहोत : स्थलांतरित मजुराच्या जिवाला घोर कशाचा? त्याचे उत्तर दवाखान्याच्या केसपेपरवर नाही, इतिहासात आहे. आणि तो इतिहास मोठ्या प्रमाणात आपलाच आहे.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसांचा लोंढा परळ-लालबाग-वरळीकडे आला. त्यात महार आणि चांभार समाजातले लोकही मोठ्या संख्येने होते. सुभेदार रामजी सकपाळ याच काळात, १९०४ साली, मुलांना घेऊन मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहिले. भीमराव त्या खोलीत शिकले. बाबासाहेबांना कामगारांची वस्ती पुस्तकातून कळली नव्हती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

गिरणीत कायम कामगार असत आणि बदली कामगार असत. बदली म्हणजे कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता घेतलेला माणूस. पहाटे भोंगा व्हायच्या आधी गिरणीच्या दारात बदल्यांची गर्दी जमे. जॉबर, म्हणजे मुकादम, बाहेर येई आणि बोट दाखवून माणसे आत घेई. ज्याच्याकडे बोट गेले त्याला त्या दिवसाची मजुरी, बाकीच्यांनी घरी जायचे आणि उद्या पुन्हा यायचे. वर्षानुवर्षे बदली राहिलेली माणसे होती. बोट आपल्याकडे वळावे म्हणून जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, सणाला भेट द्यावी लागे, त्याच्या ओळखीच्या दुकानातून माल घ्यावा लागे. १९२९ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या मजूर आयोगाने, ज्याला व्हिटले आयोग म्हणतात, या लाचखोरीची आणि जॉबरच्या सत्तेची नोंद केली आहे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदल्यांची नोंदणी सुरू केली. कार्ड आले, पण भीती गेली नाही. रोज सकाळी दारात उभे राहायचे ते राहिलेच.

या रोजच्या उभे राहण्याचा विचार करा. काम कठीण असणे वेगळे आणि काम आहे की नाही हेच माहीत नसणे वेगळे. कठीण कामाने अंग दुखते, रात्री झोप लागते. काम आहे की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला झोप लागत नाही. तो रात्रभर उद्याच्या बोटाचा विचार करतो. महिन्याची आठ-दहा कामे मिळाली तर खर्च कसा भागवायचा? तेव्हा दारात पठाण सावकार उभा असे. रुपयाला महिना एक आणा व्याज हा त्याचा नेहमीचा दर, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दारात लाठी घेऊन उभा. एका दारात सकाळी जॉबर आणि संध्याकाळी पठाण, अशी ही व्यवस्था होती. तिला नुसती ‘गरिबी’ म्हणून सोडून देणे आम्हाला मान्य नाही. धाकात ठेवण्याचे ते एक तंत्र होते.

आता यात जात कशी काम करत होती ते पाहू, कारण गिरणगावाचा इतिहास सांगणारे बरेच लोक इथे घाई करतात. सूतकताईच्या रिंग खात्यात अस्पृश्य कामगार चालत. विणकाम खात्यात, गिरणीच्या बोलीत साचाखात्यात, त्यांना प्रवेश नव्हता, आणि पगार जास्त तिथेच होता. कारण असे सांगत की धोट्याच्या भोकातून सूत ओढून घेण्यासाठी विणकऱ्याला धोटा तोंडाला लावून ते शोषून घ्यावे लागे. तोच धोटा पुढे दुसऱ्या विणकऱ्याच्या हाती जाई. महाराने तोंड लावलेला धोटा आपण तोंडाला कसा लावायचा, ही सवर्ण कामगारांची हरकत. यंत्र विलायतेचे, मालक पारशी-गुजराती, भांडवल जगाच्या बाजारातले, आणि विटाळ मात्र गावचा. राहण्यातही तेच. इतर कामगार गावमंडळाच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्या खोल्या आणि खानावळी जातीच्या होत्या. शहराच्या सर्वांत वाईट भागात, कित्येक ठिकाणी झावळ्यांच्या झोपड्यांत, आपली माणसे राहत.

१९२८ च्या एप्रिलमध्ये गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर अट ठेवली : अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क आहे ही मागणी तुमच्या यादीत घाला, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू. कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीनेच घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि गंमत म्हणजे, त्यात अर्धे सत्य होते. दार सवर्ण कामगारानेच अडवले होते. वर्ग-वर्ग म्हणणाऱ्या मित्रांना हे ऐकायला आजही आवडत नाही.

इथपर्यंतचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना माहीत असतो. आम्हाला त्याच वर्षातल्या दुसऱ्या एका घटनेकडे लक्ष वेधायचे आहे. मार्च १९२८ मध्ये, म्हणजे संपाच्या महिनाभर आधी, बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. गावकामगार म्हणून महारांकडून रात्रंदिवस वेठ घेणारी ती पद्धत मोडावी, यासाठी ते होते. एक लढा गिरणीच्या खात्याचा, दुसरा गावच्या वतनाचा. दोन्ही एकाच वर्षी, एकाच माणसाने लढवले. हा योगायोग आहे का?

आमच्या मते नाही. कामगार इतिहासात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते : मुंबईच्या कामगाराची मुळे गावात होती, काम सुटले किंवा संप लांबला की तो गावी जाऊन दिवस काढी, गाव हा त्याचा आधार. कोकणातल्या कुणबी-मराठा कामगारापुरते, ज्याची चार गुंठे का होईना जमीन होती, हे खरे मानता येईल. पण महार कामगाराला गावात काय होते? गावकुसाबाहेरचे घर, वतनाची तुटपुंजी जमीन आणि तिच्या बदल्यात न संपणारी वेठ. येसकरपाळी. मेलेली ढोरे ओढणे. तो ज्यापासून पळून आला होता तेच त्याच्यासाठी तिथे वाट पाहत होते. म्हणून बदलीचे काम हुकले की इतरांना फक्त पोटाचा घोर लागे. आपल्या माणसाला पोटाचा आणि परतीचा, असे दोन घोर लागत. पुढे उद्याचे काम नाही आणि मागे मानाने परतायला जागा नाही. बाबासाहेबांनी या कोंडीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात घातला.

दहा वर्षांनी पुन्हा तेच घडले. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर आला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, काँग्रेस सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप केला. संपावर बंधने घालणारे ते विधेयक होते. संपाचा हक्क म्हणजे आपल्या अटींवर काम करण्याचे स्वातंत्र्यच आहे, अशी बाबासाहेबांची मांडणी होती. खोताच्या जमिनीवरचे कूळ आणि गिरणीतला बदली ही पुष्कळदा एकाच घरातली माणसे होती. भाऊ तिकडे, भाऊ इकडे. घरातली बाई तिकडे मनिऑर्डरची वाट बघत.

या दोघांच्या मधल्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू, हे तिथले वाक्य आपण पोस्टरवर छापतो. त्याच भाषणातला तपशील मात्र फार कमी जण वाचतात. दलित माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला हमाल म्हणूनही घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. ज्या शिडीला पुढची पायरीच नाही तिच्यावर आयुष्यभर उभे राहिल्याने माणसाचे काय होते, हा प्रश्न मनाचा आहे. बाबासाहेबांनी तो रेल्वेच्या भरतीच्या नियमांच्या भाषेत मांडला, कारण दुखणे तिथे होते.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळातले आठवड्याला ४८ तासांचे बंधन आपण अभिमानाने सांगतो. सेवायोजन कार्यालये म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज याच काळात सुरू झाली, ते सांगायचे राहते. आज त्या कार्यालयांची थट्टा होते, पण गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या बदलीच्या नजरेने ती पाहा. काम मागायला जॉबरकडे न जाता सरकारी खिडकीपाशी जायचे, नाव नोंदवायचे, दस्तुरी नाही, जातीचा मुकादम नाही. बोटाच्या जागी नोंदवही आली. त्या वहीचे पुढे काय झाले हा वेगळा विषय.

आणि मग मार्च १९४७. घटना समितीसाठी लिहिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेब मूलभूत हक्कांची चर्चा करताना एका बेकार माणसाचे उदाहरण घेतात. त्याला कसेतरी काम देऊ केले, पण तासांची मर्यादा नाही, युनियनमध्ये जायचे नाही, बोलायचे नाही. आणि दुसऱ्या बाजूला त्याचे हक्क ठेवले, तर तो काय उचलेल? काम उचलेल, हे उघड आहे. पुढे ते कारण देतात, आणि ते कारण म्हणजे भीती. उपासमारीची, डोक्यावरचे छप्पर जाण्याची, गाठीचे चार पैसे संपण्याची, मुलांना शाळेतून काढावे लागण्याची, लोकांच्या दयेवर जगण्याची, आणि शेवटी आपले प्रेत सरकारी खर्चाने उचलले जाण्याची. या भीतीपुढे माणूस हक्कांसाठी उभा राहू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आम्ही समाजशास्त्र शिकलो, समाजकार्यात काम केले, मानसिक आरोग्यावरची प्रशिक्षणे घेतली. मजुराच्या मनाचे इतके अचूक वर्णन आम्हाला कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत सापडलेले नाही. आणि ते एका राज्यघटनेच्या मसुद्यात आहे. तिथे ही भीती म्हणजे कोणाचा आजार नाही. नागरिकाचे हक्क काढून घेणारी ती एक सत्ता आहे, आणि तिच्यावरचा उपायही त्याच मसुद्यात आहे : मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची, प्रत्येक प्रौढ नागरिकाला सक्तीचा विमा, आणि हे सगळे घटनेतच लिहिलेले, म्हणजे सरकार बदलले तरी बदलणार नाही. ते स्वीकारले गेले नाही. हक्क मिळाले, भीती तशीच ठेवली.

पुढचा काळ भराभर सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर बदल्यांना कायम करा ही मागणीही त्यात होती. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर आले, आणि बदली कामगाराचा दिवसाचा करार साऱ्या शहराचा नियम झाला. सफाई कंत्राटी, सुरक्षारक्षक एजन्सीचा, बांधकाम मजूर नाक्यावरचा. सकाळी नाक्यावर उभे राहून ठेकेदाराच्या बोटाची वाट पाहणारी माणसे तुम्ही ठाण्यात, पिंपरीत, नाशकात, कुठेही पाहू शकता. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवायला संघटनेला २०१७ साल उजाडावे लागले, आणि त्याआधी अनेक वर्षे कोर्टकचेरी झाली. त्या वर्षांत आजारी पडून मेलेल्यांची कुठे गणती नाही.

ऊसतोडीकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण बदलीचा जॉबर आणि पठाण सावकार तिथे एकाच माणसात आले आहेत. बीड, अहमदनगर, जालना, परभणी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती उचल आधीच्या देण्यात, लग्नात, दवाखान्यात कधीच संपलेली असते. मग पाच-सहा महिने तोड करून ती फेडायची. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचा दंड. हंगामाअखेर हिशेब मुकादमाच्या वहीत. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. इथे काम मिळेल की नाही ही भीती नाही, इथे काम सोडता येणार नाही ही भीती आहे. टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, मराठा आहेत, बौद्ध आणि मातंग आहेत. कोयता कोणाच्या हातात आहे त्यावर उसाची धार बदलत नाही. पण उचल फिटली नाही म्हणून रानातच अडकवून ठेवले, तर गावातून सोडवायला कोण येतो आणि पोलीस ठाण्यात कोणाचे ऐकले जाते, यात जात आहेच.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. वर्तमानपत्रांनी खाजगी डॉक्टरांच्या लोभावर लिहिले, ते बरोबरच होते. पण बाई त्या टेबलापर्यंत का गेली? पाळीच्या दिवसांत उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही, आणि दोन दिवस बसले की खाडा. दुखणे आणि दंड दोन्ही एकदाच मिटवावेत म्हणून तिने अवयवच काढून टाकला. माणूस भीतीपोटी स्वतःच्या शरीराशी एवढा मोठा व्यवहार करतो, तेव्हा त्याला ‘आरोग्यविषयक अज्ञान’ म्हणणारे आम्हाला कोडगे वाटतात. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत त्या बायकांना जे घाम फुटणे, झोप उडणे, उदास वाटणे सुरू होते, त्याला गावात नाव काय? ‘डोक्यावर परिणाम झाला.’

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतले ४२,००४ जण रोजंदारी मजूर होते, म्हणजे दर चार जणांत एकाहून थोडे जास्त. शेतमजूर यात धरलेले नाहीत, त्यांचा रकाना वेगळा आहे. रोजंदारी मजूर हा रकानाच मुळी २०१४ पासून आला. त्याआधी ही माणसे मरत होती, पण मोजली जात नव्हती. जातीचा रकाना त्या छापील अहवालात अजूनही नाही. तो का नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इथे दोन प्रकारच्या मित्रांशी आमचे भांडण आहे.

पहिले आमच्याच क्षेत्रातले. मजूर वस्तीत ताणतणाव व्यवस्थापनाची शिबिरे भरवतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, सकारात्मक विचारांवर पत्रके वाटतात. आम्ही समुपदेशनाच्या विरोधात नाही. खरी नैराश्याची, भासांची दुखणी असतात, त्यांना औषध लागतेच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क केला आहे आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते. हे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असले पाहिजे. पण नाक्यावरच्या मजुराला सकाळची ओपीडी म्हणजे बुडालेला रोज. ऊसतोडवाल्याला महिन्याच्या गोळ्या देऊन पुढच्या महिन्यात बोलावले, तर तो तेव्हा कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतो. गोळ्या सुटतात आणि कार्डावर शेरा पडतो : रुग्ण अनियमित. अनियमित तो नाही, त्याचे काम आहे.

दुसरे मित्र विहारातले. मन हेच सगळ्याचे मूळ, तेव्हा ध्यान करा, सगळे ठीक होईल, असे सांगणारे आपल्यात वाढत आहेत. मन सांभाळावे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्माच्या केंद्रस्थानी माणूस आणि या जगातले माणसामाणसांतले नाते ठेवले. दुःखाचे कारण शोधायचे तर मुकादम आणि कोयता यांच्यातले नातेही शोधावे लागते. डोळे मिटून मुकादमाची वही दिसत नाही. दहा दिवसांच्या शिबिराला जायला ज्याला सुट्टी मिळते त्याने खाडा भरणाऱ्याला मनःशांती शिकवावी, हे आम्हाला जरा जास्तच वाटते.

भीती कमी करता येते आणि ती कायद्याने करता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा. मशीद बंदरच्या गोदामांतल्या हमालांची स्थिती बदली कामगारासारखीच होती : रोज नवा मालक, रोज नवी घासाघीस. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने मधे एक मंडळ उभे केले. मालक मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडे भरतो, मंडळ हमालाला पगार देते, त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना सांभाळते. हमालाचे ओझे तेवढेच राहिले, पण महिनाअखेरचा आकडा ठरला, म्हातारपण ठरले. त्या कामगारांत सातारा भागातला मराठा समाज मोठा होता आणि त्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत होता, हेही नमूद केले पाहिजे. उसाच्या फडापर्यंत तो कायदा का पोहोचला नाही, याचे उत्तर साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांची नावे वाचली की मिळते. ऊसतोड कामगारांसाठी आता गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे. ते कल्याणाच्या योजना सांगते, पण मुकादमाची वही त्याच्या हातात नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यालाच लागू होता. बीडहून सांगलीला गेलेल्या बाईला तो कधीच लागू नव्हता. २०२० मध्ये तो कायदाही नव्या कामगार संहितेत विरघळवला गेला.

तेव्हा मागणी साधी आहे : ऊसतोडीला माथाडीसारखे मंडळ, उचल मंडळाच्या खात्यातून, खाड्याचा दंड बेकायदा, आणि पाळीच्या व आजारपणाच्या दिवसांची भरपाई. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर दसरा-दिवाळीच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आपल्या शाखांनी आणि महिला मंडळांनी विहारात एक काम करता येण्यासारखे आहे. प्रत्येक कोयत्याची उचल किती, टनाचा दर किती, खाडा किती, कारखाना कोणता, मुकादमाचा नंबर काय, हे एका वहीत लिहून घ्यायचे आणि त्याची एक प्रत त्या बाईच्या हातात द्यायची. आजवर हिशेबाची वही फक्त मुकादमाकडे होती.